घासलेले टालर

१

गॉटहार्ड झायफार्टच्या घरातून काहीही चोरीला गेलं नव्हतं, आणि तीच सगळ्यांत वाईट गोष्ट होती. चोरी झाली असती तर माग काढता आला असता, एखाद्या लिलावात माल वर आला असता, निदान आशेला जागा राहिली असती. इथे कपाटाच्या वरच्या सरकत्या कप्प्यातलं एकूण एक नाणं हजर होतं. आणि लखलखत होतं.

आल्मुट डिट्झलने कप्पा ओढून काढून खिडकीशी धरला आणि तिला पुढे बघवेना. जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत तिची उभी हयात गेली होती. नदीतून काढलेली प्रेतं पाहूनही ती दुपारी व्यवस्थित जेवायची. निवृत्त झाल्यावर माणूस हळवा होतो की काय, कोण जाणे. शिवाय ती स्वतः एल्मरोडाच्या नाणेमंडळाची सभासद होती. समोर काय झालंय हे कळायला तिला भिंगसुद्धा लागलं नाही.

थुरिंगिया या जर्मन प्रांतातल्या जुन्या संस्थानांचे चांदीचे टालर होते ते. रॉइस, श्वार्झबुर्ग, मायनिंगेन, हिल्डबुर्गहाउझेन. एकेक संस्थान इतकं चिमुकलं, की तिथला राजा सकाळी घोड्यावरून रपेटीला निघाला तर जेवणाच्या आत परमुलखात पोचायचा. पण टाकसाळीचा हट्ट प्रत्येकाला, आणि चांदीवर स्वतःचं थोबाड पाहायची हौसही प्रत्येकाला. राज्यं गेली, राजे गेले, चेहरे तेवढे गॉटहार्डच्या कप्प्यात राहिले होते. दीडदोनशे वर्षांत चांदीवर जी निळसर काळी झाक चढते तिला मंडळातले लोक साय म्हणत. साय म्हणजे नाण्याचं वय आणि नाण्याची अब्रू. नाणं कडेनं धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, आणि घासायचं तर मेलो तरी नाही, हे मंडळात येणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं जाई. घासलेलं नाणं फक्त वितळवायच्या कामाचं उरतं.

कुणीतरी गॉटहार्डचा अख्खा कप्पा घासून काढला होता.

"नाव सांग," गॉटहार्ड आपल्या खुर्चीतून म्हणाला. शाळेत भूगोल शिकवताना ज्या आवाजात तो पोरांना नद्या विचारायचा, तोच आवाज. "मला पोलीस नकोत, कोर्ट नको. फक्त नाव. ज्यानं हे केलं त्यानं पुन्हा या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. संपलं."

"कपाट उघडं होतं?"

"कुलूप लावलेलं होतं. किल्ली इथे असते." त्याने जाकिटाच्या खिशावर थाप मारली. "रात्री जाकीट खुर्चीवर आणि खुर्ची माझ्या उशाशी. आज रविवार, म्हणून दहा वाजता नेहमीसारखं कपाट उघडलं, तर हे."

"काल घरात कोण कोण येऊन गेलं?"

"दुपारी संग्रहालयाचा तो डॉक्टर हाग आला होता, चिठ्ठ्या तपासायला. संध्याकाळी एगॉन, पत्ते खेळायला. आणि गुडरुन. ती तर इथेच असते." तो थांबला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या डीटरला यातलं काही बोलू नकोस हं. बाजारात जाऊन सगळ्यांना सांगेल."

तिच्या नवऱ्याला, डीटरला, जाऊन सहा हिवाळे झाले होते. धक्का बसलेली माणसं काय वाटेल ते बोलतात, हे तिने नोकरीत खूप पाहिलं होतं.

तिने भिंग लावलं. अक्षरांच्या खाचांमध्ये, राजांच्या कुरळ्या केसांच्या बटांमध्ये पांढरी भुकटी अडकली होती. आणखीही एक गोष्ट होती. प्रत्येक नाण्याखाली त्याचं संस्थान, राजा आणि साल लिहिलेली छोटी चिठ्ठी असते. इथे चिठ्ठी एकाची आणि वर नाणं भलत्याचंच होतं. मायनिंगेनच्या चिठ्ठीवर श्वार्झबुर्ग, श्वार्झबुर्गच्या जागी रॉइस.

"ज्यानं घासली त्याला ठेवतासुद्धा आली नाहीत," ती म्हणाली. "कशीही कोंबलीत."

"म्हणजे मंडळातला माणूस नव्हे."

"छे! मंडळातला माणूस टालरवर फडकं फिरवील?" आल्मुटला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांच्यातल्या कुणालाही करावा लागला नसता, आणि तिची पहिली चूक तीच झाली.

गॉटहार्ड पुढे वाकला. स्वयंपाकघरात त्याची मुलगी गुडरुन भांडी विसळत होती.

"आल्मुट," तो म्हणाला, "या घरात मंडळाबाहेरचं माणूस एकच आहे."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्मुटने एगॉन राइसमानला गाठलं. चौकातल्या खानावळीत तो कोपऱ्याच्या मेजावर बसला होता. मंडळाची बैठक तिथेच भरायची आणि मंडळात वयाचा मुलाहिजा न ठेवता सगळे एकमेकांना अरेतुरे करत. एगॉन आणि गॉटहार्ड यांचं तर त्याच्याही पुढे गेलेलं होतं. रॉइसच्या एका टालरवरून दोघांचं जवानीत बिनसलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी एकमेकांना शिव्या घालत ते पत्ते खेळत आले होते.

"आलीस? बस," एगॉन म्हणाला. "बातमी कळली मला. आता विचार, की एगॉन, तू केलंस का?"

"एगॉन, तू केलंस का?"

"कारण तर होतं की माझ्याकडे! सदुसष्टाव्या हाइनरिखचा टालर त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही." रॉइसच्या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिखच ठेवायची रीत होती आणि नुसत्या आकड्यांवरून त्यांची ओळख पटायची, त्या आकड्यांनी एगॉनची झोप उडवली होती. "उभं आयुष्य वाट पाहिली, की हा मरेल आणि त्याच्या लिलावात मी तो घेईन. आता घेऊन काय करू? त्यात तोंड बघू?"

"सरळ उत्तर दे."

"सरळच देतो. गॉटहार्डचा गळा दाबायचा विचार माझ्या मनात दर शनिवारी येतो. पण टालर घासायचा?" एगॉनने ग्लास बाजूला सरकवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. "कुणा अडाण्याचं काम आहे ते, बाई. ज्याला चमचा आणि टालर यांतला फरक कळत नाही, त्याचं."

"शनिवारी तो कसा वाटला?"

"माजलेला. मुद्दाम हरला माझ्याशी. हुकूम कोणता ते दोनदा विचारलं, आणि मग हातात हुकमाचा गुलाम असताना फडतूस पान टाकलं. म्हटलं, भीक घालतोस का मला? तर नुसता हसला. नवी तऱ्हा काढलीय अपमान करायची."

संग्रहालयात डॉक्टर हाग यांनी आल्मुटला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि पहिल्या पाच मिनिटांतच आपण या प्रकरणात नाही हे सिद्ध करून टाकलं. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती खरी. पण ती संग्रहालयाच्या तिजोरीत, शिक्क्याच्या पाकिटात होती आणि शिक्का शाबूत होता.

"मला काय फायदा, सांगा ना, फ्राउ डिट्झल?" ते म्हणाले. "संग्रह आमच्याच संस्थेला मिळणार होता. वसंतात मी स्वतः बसून नवी मांडणी करून दिली. संस्थानाप्रमाणे, मग राजाप्रमाणे, मग सालाप्रमाणे. त्याआधी काय गोंधळ होता! हिल्डबुर्गहाउझेनच्या शेजारी रॉइस, पुन्हा मायनिंगेन, ना शेंडा ना बुडखा."

"आणि आता?"

"आता संस्था घेणार नाही. घासलेला माल आम्ही मांडू शकत नाही. वाईट वाटतं हो, पण नाइलाज आहे." त्यांना खरोखरच वाईट वाटत असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. "झायफार्ट साहेबांना कसं सांगायचं तेवढं बघा. त्यांचे फोन तर चालूच असतात. मी शनिवारी त्यांच्या मेजाशी दोन तास बसून आलो आणि घरी पोचतो तोच फोन, की डॉक्टर, तुम्ही येणार होता ना, आला नाहीत. वयस्कर माणसांना करमत नाही, दुसरं काय."

आल्मुट पायऱ्या उतरत होती तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजला. गॉटहार्ड होता. त्याचा आवाज शांत होता.

"तुझं काम संपलं," तो म्हणाला. "तिनं कबूल केलं. मी तिला बॅग भरायला लावली."

३

गुडरुन बसथांब्याच्या बाकावर बसली होती. पायाशी एक बॅग, मांडीवर हातमोजे. रस्त्यावरचा बर्फ चिखल होऊन वाहत होता आणि समोरच्या बेकरीच्या खिडकीत नाताळचे तारे टांगले होते. पन्नाशीची बाई, पण बाकावर एवढीशी दिसत होती. तीन वर्षांपूर्वी कासेलमधली नोकरी सोडून ती बापाकडे राहायला आली, तेव्हा मंडळातल्या लोकांनी मागून खूप चर्चा केली होती. घर मिळावं म्हणून आली असेल, असं एगॉन म्हणायचा. आल्मुटने तेव्हा त्याला गप्प केलं नव्हतं, आणि आता तिला ते आठवून लाज वाटली.

"तूच केलंस?"

"हो, आल्मुट मावशी. नाताळची साफसफाई चालली होती. म्हटलं, पप्पांना खूश करू. घासून टाकली."

"किल्ली?"

"जाकीट धुवायला मीच घेते."

"कशानं घासलीस?"

"बाटलीतल्या त्या पातळ औषधानं. चांदीचं मिळतं ते."

आल्मुट तिच्या शेजारी बसली. बाक ओला होता.

"गुडरुन, तू सात वर्षांची असताना मायनिंगेनचा टालर बोटांनी उचललास म्हणून बापानं तुझ्या हातावर पट्टी मारली होती. मी होते तिथे. वळ उठले होते. रडत रडत मला म्हणालीस, मावशी, मी फक्त राजाचं नाक बघत होते. ती मुलगी टालर घासेल?"

"माणूस विसरतो."

"नाण्यांत पांढरी भुकटी आहे. बाटलीतलं औषध असं अडकत नाही. तो खडू आहे."

गुडरुनने हातमोजे उगाचच उलटेसुलटे केले.

"कुणाला वाचवतेस?" आल्मुटने विचारलं. "एगॉनला?"

यावर गुडरुन चक्क हसली. "एगॉनला? मावशी, या वयात घर सोडायचंच झालं तर जरा बरा पुरुष बघेन की!" मग हसू गेलं आणि तिने आल्मुटचा हात धरला. "तू शोधत बसू नकोस. पप्पांना वाटतंय मी केलं, वाटू दे. चार शिव्या देतील, जगतील."

"आणि तू?"

"मी कासेलला जाईन. मैत्रीण आहे. शेजारच्या फ्राउ बेकना सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ डोकवा म्हणून. गॅस बंद केलाय मी मागच्या बाजूनं, तेवढं लक्षात ठेव. चालू करू नकोस."

"गॅस कशाला बंद केलास?"

बस आली. गुडरुन उठली, बॅग उचलली आणि पायरीवर चढून मागे वळली.

"तुला सापडेलच, मावशी. तुझं डोकं मला माहीत आहे. पण सापडल्यावर काय करशील, ते आधी ठरव."

४

गॉटहार्ड खुर्चीत बसून पेंगत होता. आल्मुटने कप्पा पुन्हा खिडकीशी नेला, आणि या वेळी चिठ्ठ्यांकडे न बघता फक्त नाण्यांकडे पाहिलं.

वरच्या डाव्या कोपऱ्यात मायनिंगेनचा टालर. तो गॉटहार्डच्या वडिलांचा; युद्धात त्यांनी तो बुटाच्या तळव्यात लपवून आणला होता. त्याच्या शेजारी रॉइस, सदुसष्टावा हाइनरिख. लग्नानंतर गॉटहार्ड आणि लोटे गेराला गेले होते, तिथल्या बाजारात लोटेने तो शोधला आणि त्यावरून एगॉनशी भांडण जुंपलं. मग हिल्डबुर्गहाउझेन, गुडरुन जन्मली त्या आठवड्यात घेतलेला. मग श्वार्झबुर्ग, ज्यासाठी गॉटहार्डने सायकल विकली.

आल्मुट तरुणपणी मंडळात आली, तेव्हा गॉटहार्डने याच क्रमाने तिला एकेक नाणं दाखवलं होतं. नंतरही दर वर्षी, प्रत्येक पाहुण्याला, त्याच गोष्टी, त्याच क्रमाने. लोटे आतून ओरडायची, "पुरे हो, पोरीला घरी जाऊ द्या!" हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता. हाग म्हणाले तो ना शेंडा ना बुडखा असलेला गोंधळ म्हणजे एका माणसाचं आयुष्य होतं.

म्हणजे नाणी कशीही कोंबलेली नव्हतीच. घासणाऱ्याने ती जिथल्या तिथे, अगदी बिनचूक ठेवली होती. फक्त ती जागा वसंताच्या आधीची होती. हाग यांची नवी मांडणी त्या हातांच्या स्मरणात नव्हतीच. आणि असे हात एकाच माणसाचे होते.

बाकीचं आपोआप जुळत गेलं. दोनदा विचारलेला हुकूम. दोन तास समोर बसून गेलेला डॉक्टर, आणि तरी त्याच्यासाठी केलेला फोन. डीटर. बंद केलेला गॅस. आल्मुटला वाटलं, कप्पा खाली ठेवावा, कोट घालावा आणि घरी निघून जावं. मंडळातला माणूस टालर घासणार नाही, या एका समजुतीने तिला आंधळं केलं होतं. तिने गुडरुनची बस जाऊ दिली होती.

"सापडलं का काही?" गॉटहार्ड जागा झाला होता.

"गुडरुननं केलेलं नाही."

"तिनं कबूल केलंय."

"खोटं कबूल केलंय. तुझे खडू कुठे असतात?"

"टेबलाच्या खणात. शाळेतले उरलेले." तो गोंधळला. "का?"

आल्मुटने खण उघडला. खोक्यातल्या खडूंचे तुकडे झाले होते आणि तळाशी भुकटी साचली होती. तिने नाणी कप्प्यातून काढून मेजावर मखमलीवर ठेवली, सगळी मिसळली, आणि रिकामा कप्पा त्याच्यापुढे सरकवला.

"लाव," ती म्हणाली.

"चिठ्ठ्या वाचायला चष्मा..."

"चिठ्ठ्या राहू दे. नुसती लाव."

गॉटहार्डने पहिलं नाणं उचललं, कडेने, सवयीने. मायनिंगेन, वरचा डावा कोपरा. मग रॉइस. मग हिल्डबुर्गहाउझेन. त्याचे हात न अडखळता चालत होते. अर्ध्यावर त्याने वर पाहिलं, आणि आल्मुटच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याचा हात थांबला. तो हुशार माणूस होता, दुपारच्या उजेडात अजूनही होता, आणि तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

त्याने अंगातल्या झोपायच्या झग्याच्या खिशात हात घातला आणि हातरुमाल बाहेर काढला. चांदी घासल्यावर फडकं होतं तसा तो काळा झाला होता, आणि मध्ये खडूचे डाग होते.

त्याने रुमाल उलटून पाहिला आणि खडूचा डाग बोटांनी चोळला.

"नाताळच्या आधी आई आम्हाला चमचे घासायला बसवायची," तो शेवटी म्हणाला. "खडू कुटून. मला आई दिसली, आल्मुट. दारात उभी होती. म्हणाली, पाहुणे येतील, चांदी काळी पडलीय." त्याने रुमाल मेजावर ठेवला. "मी घासली. मी."

"हो."

"गुडरुनला माहीत होतं?"

"पहाटे तिनं तुला पाहिलं असणार. मेज पुसलं असेल, तुला झोपवलं असेल. किल्ली परत खिशात तिनंच ठेवली."

"आणि मी तिला घराबाहेर काढलं." गॉटहार्ड रडू लागला. म्हातारी माणसं रडतात तसा आवाज न करता नव्हे. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, लाज न धरता. "म्हणालो, तू माझी मुलगीच नाहीस. लोटे असती तर तुझ्या थोबाडीत दिली असती, असं म्हणालो. तिनं बॅग भरली आणि जाताना विचारलं, पप्पा, गोळ्या घेतल्या का?"

आल्मुटने फोन लावला. गुडरुनची बस पुढच्या गावाला पोचली होती. "त्याला कळलंय," आल्मुट एवढंच म्हणाली. पलीकडे बस थांबवायची घंटा वाजल्याचं ऐकू आलं. मग, "परतीची बस घेते."

"तो इथेच आहे. बोल त्याच्याशी," असं म्हणून आल्मुटने फोन पुढे केला. गॉटहार्डने मान हलवली.

"फोनवर नाही. हे असं फोनवर बोलायचं नसतं. ती समोर बसेल, तिचा हात धरीन, मग माफी मागेन. माझा चांगला कोट काढ."

आल्मुटला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो जुना गॉटहार्डच बोलतोय म्हणून बरं वाटलं. तिने फोन बंद केला.

५

त्याने दाढी केली. कोट घातला, टाय बांधला. काय बोलायचं ते त्याने आल्मुटला बोलून दाखवलं, तिने ऐकलं आणि तिलाच रडू आलं. नाताळपूर्वी दर रविवारी एकेक वाढवत लावायच्या कड्यातल्या मेणबत्त्यांपैकी दोन त्याने स्वतः पेटवल्या.

डिसेंबरमध्ये थुरिंगियात दुपार म्हणून काही फार टिकत नाही. डोंगराआड सूर्य गेला आणि खोलीचे कोपरे अंधारले. गॉटहार्ड एकदा उठून दारापर्यंत गेला. मग पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याने टाय सोडला आणि तो हातात धरून उभा राहिला.

"हा कशाला बांधलाय?" त्याने विचारलं.

"गुडरुन येणार आहे."

"हं." तो बसला. जरा वेळाने त्याची नजर कप्प्यावर गेली आणि तो ताडकन उभा राहिला. "अरे देवा! हे कुणी केलं?"

आल्मुटने दिवे लावले. सगळे लावले. तिने त्याला सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आधी हळू, मग दमात घेऊन, जसं ती अट्टल चोरांना घ्यायची तसं. तो ऐकत होता, पण तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि बूट झटकल्याचा आवाज आला.

गुडरुन खोलीच्या दारात उभी राहिली. तिने टोपी काढली होती आणि केस थोडे सारखे केले होते.

"पप्पा," ती म्हणाली.

"तू?" गॉटहार्डचा चेहरा लाल झाला. "परत आलीस? कोणत्या तोंडानं? माझं आयुष्य खरवडून टाकलंस आणि परत आलीस?"

"गॉटहार्ड!" आल्मुट ओरडली. "मघाशी तू स्वतःच म्हणालास! हा बघ, हा तुझा रुमाल, तुझ्या खिशात होता!"

त्याने रुमालाकडे नीट पाहिलं. विचार केला. तर्कशुद्ध विचार करायची सवय अजून सुटली नव्हती, फक्त तर्काच्या खालची जमीन गेली होती.

"म्हणजे तिनंच तो माझ्या खिशात घातला," तो म्हणाला. "बघितलंस ना, कशी आहे ती? माझ्यावरच ढकलायचं होतं तिला."

गुडरुनने आल्मुटच्या कोटाची बाही धरली आणि तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं. दार लावून घेतलं. ती रडत नव्हती. तिने कोटही काढला नव्हता.

"म्हणून सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "टालरांचं दुःख त्यांना झेपलं असतं. स्वतःचं नाही झेपत. आणि झेपलं तरी टिकत नाही, संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून."

"माझं चुकलं," आल्मुट म्हणाली. "फोन त्याच्या कानाला लावायला हवा होता. दाबून धरायला हवा होता. मला वाटलं, वेळ आहे." तिच्या सगळ्या नोकरीत इतका स्वच्छ उलगडा तिने कधी केला नव्हता, आणि त्याचा या घरात कुणालाच काडीचा उपयोग नव्हता. "गुडरुन, त्यानं तुझी माफी मागितली. दुपारी. मी साक्षीदार आहे."

"काय म्हणाले?"

आल्मुट ताठ उभी राहिली आणि कोर्टात जबान्या सांगायची तशी, एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगू लागली. "तो म्हणाला, गुडरुन, मी तुला चोर म्हणालो आणि चोर माझ्याच डोक्यात होता. म्हणाला, तू नोकरी सोडून आलीस तेव्हा मी तुझे आभार मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर मला तुझी गरज आहे हे कबूल करावं लागलं असतं. म्हणाला, तू लहानपणी राजाचं नाक बघत होतीस आणि मी तुला मारलं. ते नाणं मी तेव्हाच तुला द्यायला हवं होतं."

गुडरुनने सगळं ऐकून घेतलं. मग तिने कोट काढून खुंटीला लावला.

"चांगलं बोलले," ती म्हणाली. "पण मावशी, तुझ्या आवाजात ऐकलं मी ते."

ती मागे जाऊन गॅस चालू करून आली. कांदा चिरला, कालचं मटाराचं सूप पातेल्यात ओतलं, त्यात सॉसेजचे तुकडे टाकले. आल्मुट भिंतीला टेकून बघत राहिली. पलीकडच्या खोलीत गॉटहार्डच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

"आल्मुट!" त्याने हाक मारली. "गेली का ती?"

गुडरुनने पळी थांबवली आणि मान डोलावली.

"हो," आल्मुट म्हणाली. "गेली."

"बरं झालं. भूक लागलीय मला."

गुडरुनने सूप वाडग्यात घेतलं, फुंकर घालून जरा निववलं, कडेला लागलेला थेंब बोटाने पुसला आणि वाडगा आल्मुटच्या हातात दिला.

"तू ने," ती म्हणाली. "माझ्या हातचं आहे असं सांगू नकोस, नाहीतर जेवणार नाहीत."